बहुधाबाईंची नऊ पानं

बाईंबद्दल लिहायला मी योग्य माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये सव्वीस वर्षं एक प्लायवूडची भिंत होती. पलीकडे काय चाललं आहे ते मला कानांनी कळायचं, डोळ्यांनी क्वचित. त्यांना भाऊ किती हेसुद्धा मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं. एकच होता. त्याची मुलगी, म्हणजे बाईंची भाची, माझा पत्ता शोधत घरी आली आणि आत्या गेली म्हणून सांगितलं. मग पिशवीतून एक पत्र्याची डबी काढून माझ्यापुढे ठेवली. आत पेन्सिलींचे तुकडे होते. अंगठ्याएवढे, पण सगळे टोक काढलेले.

"काका, आत्या तिथे नक्की काय करायची ते आमच्यात कुणालाच नीट माहीत नाही," ती म्हणाली. "ग्रंथालयातलं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. तुम्ही लिहून द्याल का?"

मी म्हटलं, "मी बाइंडर. मी पुस्तकं बांधली, लिहिली नाहीत."

"आत्या म्हणायची, बाइंडरना विचारा. त्यांनी मागची बाजू पाहिली आहे."

यावर मला नाही म्हणता येईना. का, ते पुढे येईलच.

आमच्या ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला हस्तलिखितांचा विभाग होता. एका मोठ्या खोलीचे दोन भाग केलेले. इकडे पुस्तकं दाबायचा माझा शिकंजा, कातरी, दोऱ्याची रिळं आणि खळीचं पातेलं. तिकडे बाईंचं टेबल, उत्तरेची खिडकी आणि कार्डांचं कपाट. त्यांच्याकडे कुराणाची फार जुनी हस्तलिखित पानं होती. कागदाची नव्हेत. जनावराचं कातडं ताणून, खरवडून पातळ केलेलं, त्याची. शंभरावर पानं, बहुतेक सुटी, आणि कुणी लिहिली, कधी लिहिली याचा त्यावर एक शब्द नाही. त्या काळी लिहिणारा आपलं नाव घालत नसे. कुणासाठी लिहितो आहोत ते ठाऊक असल्यावर सही कशाला, असं बाई एकदा शिपायाला सांगताना मी ऐकलं होतं. क्वचित एखाद्या पानाच्या शेवटी ओळ असायची, की हे अमुक थोर पुरुषाच्या हातचं. त्या ओळीवर बाई भिंग धरायच्या आणि म्हणायच्या, "हे पाहुणे उशिरा आलेले दिसतात." म्हणजे ती ओळ शेकडो वर्षांनी दुसऱ्याच कुणीतरी घातलेली.

या बेवारशी पानांना काळ आणि हात शोधून द्यायचा, हे बाईंचं काम. एका पानावर ओळी किती, उभी रेघ किती उंच, ती सरळ की वाऱ्यात गवत कलतं तशी उजवीकडे कललेली, वाक्य संपल्याची खूण ठिपक्यांची की वर्तुळाची, उच्चार दाखवणारी लाल टिंबं मूळची की मागाहून दिलेली, हे सगळं मोजायचं. दुसऱ्या देशांतल्या ग्रंथालयांतून पानांचे फोटो यायचे, ते शेजारी ठेवून बघायचे. एकाच पुस्तकाची पानं चार देशांत पांगलेली असायची आणि बाई इथे बसून त्यांची सोयरीक जुळवायच्या. मग पेन्सिलीनं कार्ड लिहायचं. प्रत्येक कार्डावर एक शब्द ठरलेला. "बहुधा हिजरी पहिल्या शतकाची अखेर." "बहुधा त्याच हातचं." "बहुधा."

त्यामुळे सगळं ग्रंथालय त्यांना बहुधाबाई म्हणायचं. शिपाईमामा मुद्दाम दारात जाऊन विचारायचे, "बाई, आज सोमवार ना?"

"बहुधा."

"आणि चहा घेणार ना?"

"नक्की." चहाच्या बाबतीत शंका नव्हती.

एकदा वरिष्ठांनी एका पानाच्या कडेचा नखाएवढा तुकडा परदेशी प्रयोगशाळेत पाठवला. तिथे म्हणे यंत्रानं वय सांगतात. उत्तर आलं तेव्हा ग्रंथपालसाहेब कागद नाचवत आले. "घ्या बाई! आता तुमचा बहुधा संपला." बाईंनी कागद वाचून परत दिला. "साहेब, यातून बकरीची पुण्यतिथी कळली. लिहिणारा त्या कातड्यावर कधी बसला ते कळलं नाही. कातडं तसंच ठेवून नातवानंही लिहिलं असेल." पलीकडे मी एकटाच हसलो. भिंत पातळ होती, त्यांना ऐकू गेलं असणार. दोघंही काही बोललो नाही.

आमचं असंच होतं. मी मुळात बुजरा, आणि बाई माझ्याहून बुजऱ्या. एखादं पान बांधून हवं असलं तर त्या चिठ्ठी लिहून शिपाईमामांच्या हाती पाठवायच्या, आणि मी काम झाल्यावर चिठ्ठीच्या मागे "झालं" लिहून परत. मामा वैतागायचे. "अहो, दोन हातांवर बसता. मध्ये मला कबुतर कशाला करता?"

आता नऊ पानांचं सांगतो.

ग्रंथालयापासून चार गल्ल्यांवर एक जुनी मशीद आहे. तिथे एका पेटीत नऊ पानं होती आणि पेटीची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात. मी नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मशिदीचं छत गळलं, तेव्हा त्या घरातल्या किल्लीवाल्या आजोबांनी पेटी स्वतः डोक्यावर घेऊन आमच्याकडे आणली. खरं तर तेव्हा ते आजोबा नव्हते, पंचावन्न-साठीचे होते, पण मला बावीस वर्षांच्या पोराला आजोबाच वाटले. पानं सांभाळण्यासाठी पुठ्ठ्यावर चिकटवून काचेच्या चौकटीत घालायची ठरली. आज असं कुणी करणार नाही. तेव्हा करायचे.

माझे उस्ताद तेव्हा होते. पाच पानं त्यांनी चिकटवली आणि त्यांची कंबर धरली, ते घरी बसले. उरलेली चार मी चिकटवली. बाई तेव्हा नोकरीला लागायच्या होत्या.

त्यानंतर बारा-तेरा वर्षांनी मोठी छापील सूची काढायचं ठरलं आणि ती नऊ पानं बाईंच्या टेबलावर आली. त्या आठवडाभर पाहत होत्या. पलीकडून फूटपट्टीचा टकटक आवाज. पाच पानांवरचं अक्षर सडपातळ, कललेलं, तपकिरी शाईतलं. चार पानांवरचं जाड, काळं, बसकं, लाल टिंबांसकट. कुणीही सांगितलं असतं की हात दोन आहेत आणि मध्ये दोनशे वर्षं आहेत.

किल्लीवाले आजोबा विचारायला आले. माझ्या हातात सुई होती, ती तशीच राहिली.

"पाच पानं फार जुनी आहेत," बाई म्हणाल्या. "चार मागाहूनची. बहुधा."

"बाई, बहुधा नको," आजोबा म्हणाले. "आम्ही सात पिढ्या सांगत आलो की नऊही एका पुस्तकातली आहेत. माझं वय झालं. मला एकदा काय ते नक्की सांगा, म्हणजे मुलाबाळांना खोटं सांगून जायला नको."

फूटपट्टी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग बाई हळूच म्हणाल्या, "चार त्या पुस्तकातली नाहीत. नक्की."

"बरं झालं सांगितलंत." आजोबांच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत गेला.

बाईंनी आयुष्यात बहुधा न लावता लिहिलेलं ते एकच कार्ड. "नंतरची प्रत. मूळ ग्रंथातील नाही." तसंच छापलं गेलं. पाच पानं दर्शनी दालनात लागली, चार चौकटी मशिदीला परत गेल्या.

चौदा वर्षं गेली. मग एके दिवशी मशिदीच्या कमिटीचे कारकून त्या चार चौकटी हातगाडीवर घालून माझ्याकडे आले. अडगळीच्या खोलीत ओल येऊन काचेच्या आत बुरशी धरली होती.

"बघा काही होतंय का," कारकून घाम पुसत म्हणाले. "नाही झालं तरी चालेल. बनावटच आहेत."

"बनावट कशी?" मी विचारलं.

"अहो, तुमच्याच पुस्तकात आहे ना. नऊ होती, त्यातली चार बदललेली. किल्ली ज्यांच्याकडे होती त्या म्हाताऱ्याच्या बापानं खरी चार कुणा पाहुण्याला देऊन टाकली आणि ही आणून बसवली. सगळ्या गल्लीला माहीत आहे. किल्ली काढून घेतली आम्ही त्यांच्याकडून."

पलीकडे बाई पेन्सिलीला टोक काढत होत्या. तो आवाज थांबला. खुर्ची सरकली, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बाई न बोलावता माझ्या खोलीत आल्या.

"दिली असं कुणी म्हटलं?"

"तुम्हीच की बाई. छापलंय."

"मी नंतरची प्रत म्हटलं. कुणी दिली, बदलली, असं एक अक्षर लिहिलेलं नाही."

"तेच की! नऊची पाच झाली म्हटल्यावर चार गेली कुठे? लोक काय, एकाला दोन जोडतातच." कारकुनांनी बशीत चहा ओतला. "म्हाताऱ्यानं तेव्हापासून मशिदीत पुढच्या दारानं यायचं सोडलंय. मागच्या दारानं येतो, मागच्या ओळीत उभा राहतो. म्हणजे राहायचा. आता अंथरुणाला खिळलाय."

ते गेल्यावर बाई तिथेच उभ्या होत्या. मी पहिली चौकट उघडायला घेतली.

चामड्याला पाणी लागलं की ते आक्रसतं. म्हणून पाणी पुठ्ठ्याला पाजायचं, पानाला नाही. ओलसर टीपकागद पुठ्ठ्याच्या पाठीवर ठेवायचा, थांबायचं, मग पुठ्ठ्याचा एकेक पापुद्रा सोलत यायचं. एका पानाला तीन दिवस लागतात. पण त्या पहिल्या पानाचा एक कोपरा बुरशीनं आपणच सुटला होता. मी तो पातळ पट्टीनं उचलला आणि दिवा जवळ घेतला.

मागच्या बाजूला सडपातळ, कललेलं, तपकिरी अक्षर होतं. दालनातल्या पाच पानांवर होतं तेच.

बाई वाकून पाहत राहिल्या. नंतर त्यांनी मला समजावलं, कदाचित स्वतःलाच समजावलं असेल. कातड्याला दोन बाजू असतात, एक केसांची आणि एक मांसाची. केसांच्या बाजूत शाई मुरते. मांसाच्या बाजूवरून ती पुढेमागे झडते. मूळ अक्षरं झडून पुसट झाली तेव्हा दोनशे वर्षांनी कुणीतरी भाविकानं त्याच अक्षरांवरून जाड बोरू फिरवला, आपल्या काळच्या वळणानं, काळ्या शाईनं. म्हणजे नऊही पानांची एक बाजू तपकिरी आणि एक काळी. उस्तादांनी केसांची बाजू वर ठेवली, कारण त्यांना कातडं कळत होतं. मला काही कळत नव्हतं. मी जी बाजू ठळक वाचता येईल ती वर ठेवली. लोकांना नीट दिसावं म्हणून.

इथपर्यंत सांगणं सोपं आहे. पुढचं कधी कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. पण भाचीनं लिहायला सांगितलं आहे.

मी म्हणालो, "बाई, मी हे पाहिलं होतं."

"काय?"

"चिकटवताना दोन्ही बाजू पाहिल्या होत्या मी. चारही पानांच्या. मागे हेच अक्षर होतं. तुम्ही सूची करत होतात तेव्हाही मला आठवत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही शिकलेल्या. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेलच. आपण कशाला मध्ये नाक खुपसा. मिठाची गुळणी धरून बसलो."

मला वाटलं, आता त्या बोलतील. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या माझ्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "काच काढून भिंगानं पाहिलं असतं तर काळ्याच्या कडेनं तपकिरी दिसलं असतं. काच काढा एवढंच तुम्हाला म्हणायचं होतं. चिठ्ठी लिहिली होती मी. मामा त्या दिवशी रजेवर होते."

"मग?"

"मग तुमच्या दारापर्यंत आले. तुम्ही तोंडात दोरा धरून काहीतरी शिवत होता. वाटलं, कामात आहेत, कशाला त्रास. परत गेले."

दहा मिनिटांचं काम होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही. त्यांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बाई ग्रंथपालसाहेबांकडे गेल्या. हे नवे साहेब, वयानं लहान. दालनातलं एखादं पान उघडून त्याचीही मागची बाजू बघू द्या, असं बाईंनी म्हटलं, तर ते म्हणाले, "ते आपलं भूषण आहे बाई, त्याला हात नको. आणि छापलेलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पुढच्या आवृत्तीत बघू."

"पुढची आवृत्ती बहुधा निघायची नाही," बाई म्हणाल्या.

"तुमचा बहुधा!" साहेब हसले. त्या हसल्या नाहीत, असं मामांनी मला सांगितलं.

मी म्हटलं, आजोबांकडे आजच जाऊ. अंथरुणाला खिळलेला माणूस, कधी डोळे मिटेल सांगता येत नाही. बाई ऐकेनात.

"एक कोपरा पाहून जाऊ? मागच्या वेळी एक बाजू पाहून नक्की म्हटलं होतं मी. चारही उघडा. मग जाऊ."

त्या दिवसांत माझा जीव टांगणीला लागला होता. मी डबा खातानाही डोळा टीपकागदावर ठेवायचो. बाई दिवसातून चार वेळा यायच्या, आता चिठ्ठी नाही, सरळ दारात. "सुटलं?" "थोडं." "आजोबा?" "मामा सकाळी गल्लीतून आले. आहेत." पहिलं पान सुटलं, दुसरं सुटलं, तिसरं सुटलं. तिन्हींच्या मागे तोच हात. शेजारी दालनातल्या पानांचे फोटो ठेवून बाईंनी रेघ न् रेघ मोजली.

चौथं सुटेना. मी पाणी पाजत होतो आणि पुठ्ठा दगडासारखा. मग मला आठवलं. बावीस वर्षांचा मी, दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे म्हणून साहेबांची घाई, आणि खळ संपलेली. मी शेजारच्या सुताराकडून सरस आणून ते पान चिकटवलं होतं. लाकूड जोडायचा सरस. तो कातड्यात भिनला होता. आता ओढलं की पान फाटणार.

बाईंना सांगताना मला मान वर करता आली नाही. त्यांनी पानावरून हात फिरवला, अंतर ठेवून, नुसत्या हवेतून.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याला सोडा. चला."

एक सुटलेलं पान दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून आम्ही चालत निघालो. दुपार होती. बाई माझ्या दोन पावलं मागे चालत होत्या, आणि मी हळू झालो की त्याही हळू होत होत्या.

आजोबांच्या सूनबाईंनी दार उघडलं. पन्नाशीच्या असतील. बाईंना त्यांनी लगेच ओळखलं.

"आता आलात? चौदा वर्षांनी?"

"हो."

"माझ्या मुलीच्या लग्नाला कमिटीतलं एक माणूस आलं नाही. भाजीवालीसुद्धा मला विचारते, ती पानं कुठं गेली गं. तुम्हाला काय, तुम्ही लिहून मोकळ्या."

मी बोलायला तोंड उघडलं, पण आतून आवाज आला, "कोण आहे?"

"त्याच," सूनबाई मागे वळून म्हणाल्या. "नक्कीवाल्या."

"मग आत घे. उन्हात काय उभं करतेस?"

आजोबा भिंतीला उशी लावून बसले होते. हातांची नुसती काडी झाली होती, पण नजर शाबूत. बाई पलंगाजवळ खाली जमिनीवरच बसल्या, पुठ्ठे सोडले आणि पान उजेडात धरलं. आधी काळी बाजू. मग सावकाश पालटून तपकिरी. आजोबांनी मान पुढे केली. त्यांनी ते अक्षर लहानपणापासून पेटीत पाहिलेलं; पानांच्या मागे काय आहे असं त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्यांचे ओठ हलायला लागले, त्या ओळी ते पाठच म्हणत होते.

"हेच ते," ते म्हणाले.

"माझी चूक झाली," बाई म्हणाल्या. "मी एकच बाजू पाहिली. तुमच्या वडिलांनी काही बदललं नाही, काही दिलं नाही. आठ पानं एका पुस्तकातली आहेत, एका हातची. नक्की."

"आठ?"

मी म्हणालो, "नववं माझ्यामुळे अडकलं आहे आजोबा. ते मी सरसानं चिकटवलं. ओढलं तर फाटेल."

"नवव्याची मागची बाजू मी पाहिलेली नाही," बाई म्हणाल्या. "यांनी पाहिली होती, तरुणपणी. पण मी नाही. म्हणून नववं..." त्या थांबल्या. त्या घरात तो शब्द काढायचा त्यांना धीर होत नव्हता. "नववं बहुधा."

दारात उभ्या सूनबाईंनी कपाळावर हात मारला. आणि आजोबा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, पाणी द्यावं लागलं.

"बाई, मागच्या वेळी मीच तुमच्याकडून बहुधा काढून घेतला होता," ते म्हणाले. "तुम्ही द्यायला तयार नव्हता. आता आठ तुमची नक्की. नववं माझ्यावर सोडा. मला त्याला बहुधा लागत नाही."

"आणि किती जुनी, ते मात्र..."

"ते तुम्ही आणि तुमची बकरी बघून घ्या." ही गोष्ट त्यांच्यापर्यंत कशी पोचली कुणास ठाऊक. मामांचं काम असणार. मग ते सुनेकडे वळले. "चहा टाक. तिघांना."

सूनबाईंनी चहा टाकला. कप जरा आपटूनच ठेवला, पण साखर बरोबर होती.

बाईंनी कमिटीला पत्र लिहिलं. साधं, एका पानाचं, "मी चुकले" या शब्दांनी सुरू होणारं. ते शुक्रवारच्या नमाजानंतर वाचून दाखवावं अशी विनंती केली. वाचलं गेलं. मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो, शब्द ऐकू आले नाहीत, पण बाहेर पडणारी माणसं एकमेकांशी बोलत निघाली होती. संध्याकाळी तेच कारकून किल्ली घेऊन स्वतः आजोबांच्या घरी गेले. पुढे चार महिने आजोबा होते. किल्ली उशाखाली असायची, असं सूनबाई मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या. बाईंना सांगा, असंही म्हणाल्या. ते मला सांगता आलं नाही. कारण तोवर बाई इथे नव्हत्या.

छापील सूचीच्या चारशेदहा प्रती गोदामात पडून होत्या. साहेबांना न विचारता बाईंनी स्वखर्चानं चिठ्ठ्या छापून आणल्या. "पृष्ठ चौऱ्याऐंशी. येथे चार पानांना नंतरची प्रत म्हटले आहे. ते चूक आहे. पानांची एकच बाजू पाहून मी हे लिहिले होते." खाली त्यांचं नाव. मी म्हटलं, बाई, त्यात माझंही घाला, की बाइंडरनं उलटी बाजू चिकटवली आणि गप्प बसला.

"तुम्ही खळ करा," त्या म्हणाल्या. "तेवढं पुरे."

म्हणून मी खळ केली. पातळ, कीड लागू नये म्हणून मोरचूद घालून, गुठळी न होऊ देता. त्या माझ्याच टेबलाशी बसायच्या, मी प्रत उघडून पान चौऱ्याऐंशीवर धरायचो, त्या चिठ्ठी लावून फडक्यानं दाबायच्या. रोज पन्नास-साठ प्रती व्हायच्या. फारसं बोलणं व्हायचं नाही. एकदा त्यांनी विचारलं, तुमचे उस्ताद कसे होते. मी सांगितलं. एकदा मी विचारलं, पेन्सिलींचे तुकडे टाकत का नाही. त्या म्हणाल्या, अजून लिहितात ना.

बाईंच्या निवृत्तीला दहा दिवस राहिले होते. एका शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सतरा प्रती उरल्या. रविवारी त्यांचा भाऊ दुसऱ्या शहरात आजारी पडला आणि त्या तातडीनं गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. कागदपत्रं टपालानं गेली. सतरा चिठ्ठ्या मी एकट्यानं लावल्या. पत्र लिहावं असं नऊ वर्षं मनात होतं. लिहिलं नाही. माझं असंच आहे.

पण त्या शुक्रवारी हे काहीच ठाऊक नव्हतं. बाईंनी हात धुतले, पदराला पुसले, पिशवी उचलली. दारापर्यंत गेल्या आणि वळून पातेल्याकडे पाहिलं.

"खळ उरली आहे थोडी."

"हो. सोमवारी पुरेल."

"झाकून ठेवा. मुंग्या येतात."

"झाकतो," मी म्हणालो.